अण्णांची मिशी आणि विमानाची नळी

अण्णा,

मिशीचं बोलायचं आहे. तुम्ही विसरला असाल असं काही मला वाटत नाही. पाटोद्याच्या बाजारात, आपल्या भांड्यांच्या दुकानासमोर, भर दुपारी शब्द दिला होता तुम्ही, आणि दिलेला शब्द विसरणारे तुम्ही नव्हता. तरीही पहिल्यापासून सांगतो, कारण मधे बरीच वर्षं गेली आणि तुमच्या बाजूला फक्त माती आहे.

मॅट्रिक होऊन मी दुकानात बसत होतो. खेड्यातल्या शाळेत शिकलेला पोरगा, पुढं काय करायचं ते ना मला कळत होतं ना तुम्हांला. गळकी भांडी तुम्ही बाहेरून झाळून आणत होता आणि मला वाटत होतं, एवढं काम आपल्यालाही जमेल. एका बाईचा तांब्याचा हंडा बुडाशी सांध्यात गळत होता. तो मी मागच्या अंगणात शेगडी पेटवून, धातू काळा पडू नये म्हणून सवागीची पूड टाकून झाळला. तुमच्या रीतीप्रमाणं पाणी भरून कोरड्या राखेवर ठेवला. संध्याकाळपर्यंत राख कोरडीच. तुम्ही वाकून बघितलं, मान हलवली, मला वाटलं जग जिंकलं. दुसऱ्या दिवशी बाई आली, समोरच्या हापशावर हंडा भरला, डोक्यावर घेतला, चार पावलं चालली, आणि बूड सुटलं. सगळं पाणी तिच्या अंगावर. भर बाजारात.

बाई चांगली होती. पदर पिळत म्हणाली, "अण्णा, तुमच्या पोरानं भर उन्हात न्हाऊ घातलं की मला!"

सगळा बाजार हसला. तुम्ही फळीवरचा नवा हंडा काढून तिच्या हातात दिला, आणि मग माझ्याकडं न बघता, मिशीवरनं हात फिरवत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "राखंवर उभं राहिलं म्हंजी टिकलं न्हाई. डोस्क्यावर घेतल्यावर कळतंय. ह्या पोराचा जोड ज्या दिवशी टिकंल ना, त्या दिवशी मी मिशी उतरवीन."

शेजारचा कापडवाला म्हणाला, "म्हंजी मिशी मसणात जाईस्तोवर पक्की म्हणा की!"

तो खरा ठरला अण्णा. पण त्याचं पुढं सांगतो.

मला राग आला होता. रागातच मी औरंगाबादच्या आयटीआयचा अर्ज भरला, वेल्डिंगचा. तुम्ही दोन दिवस बोलला नाहीत. निघायच्या सकाळी एसटीत सामान चढवताना माझ्या पिशवीला एक तांब्या बांधलेला दिसला. नवा, जाड बुडाचा. "ह्यो गळत न्हाई," एवढंच म्हणालात. त्याच तांब्यातलं पाणी मी आजही सकाळी लिंगपूजेला घेतो. खरंच गळत नाही.

पुढं बंगळूरला विमानांच्या कारखान्यात लागलो तेव्हा गावात केवढं कौतुक झालं. तुम्हांला सोडून. सुट्टीत घरी आलो की तुम्ही ओसरीवर बसलेले असायचात आणि मला बघून पहिल्यांदा हात मिशीवर जायचा. आई आतून म्हणायची, "आल्या आल्या सुरू झालं का तुमचं." मी सांगायचो, अण्णा, विमानाच्या इंजिनात इंधनाच्या नळ्या असतात, त्यांना टोकाशी जोड असतो, तो जोड तपासायचं काम माझ्याकडं आहे.

"तपासतोस. जोडतंय कोण?"

"जोडणारे दुसरे आहेत."

"म्हणूनच इमानं पडत न्हाईत," म्हणालात तुम्ही, आणि एवढे हसलात की ठसका लागला. आईनं पाणी दिलं. मी सोबत आणलेल्या त्या तांब्यातलंच.

मला ते लागायचं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. कारखान्यात सगळं होतं. पण जोड माझा नव्हता. मी दुसऱ्याच्या जोडावर दिवा धरणारा माणूस होतो. आणि तसाच असताना तार आली. तुम्हांला आपल्या लिंगायत रीतीनं बसवून, कपाळाला विभूती लावून माती दिली, तेव्हा तुमच्या चेहऱ्याकडं मी शेवटचं बघितलं. मिशी तशीच. पांढरी, टोकाला जरा वळलेली. कापडवाला माझ्या शेजारीच उभा होता. त्याची नजरही मिशीवरच होती.

मग देशात वारं बदललं. तुम्ही असता तर आधी शिव्या दिल्या असत्या आणि मग दुकानात परदेशी थर्मास ठेवले असते. परवाने सुटले, बाहेरची यंत्रं आणणं सोपं झालं, आणि मोठे कारखाने छोटी कामं बाहेरच्यांकडून करून घ्यायला लागले. मी नोकरी सोडली. बायको म्हणाली, "पुण्यात काढा, नायतर बंगळूरलाच राहू." मी म्हणालो, बीडला, पाटोद्याजवळ. का ते तिनं विचारलं नाही. तिलाही मिशीची गोष्ट माहीत होती.

बीडच्या औद्योगिक वसाहतीत शेड घेतलं आणि परदेशातली एक जुनी भट्टी आणली. ट्रकवरनं ती उतरली तेव्हा शंभरेक माणसं जमली होती. कुणी म्हणालं बॉयलर आहे, कुणी म्हणालं तोफ. मी समजावत होतो: हिच्यातली हवा आधी पूर्ण उपसून काढायची, मग तापवायचं. हवा नसली की लालबुंद धातूही काळा पडत नाही, स्वच्छ राहतो, सवागीसुद्धा लागत नाही. दोन तुकड्यांत केसाएवढी फट ठेवायची. त्या फटीच्या तोंडाशी झाळ, म्हणजे लवकर वितळणारा धातू, लावायची, ती वितळली की आपोआप आत ओढली जाते, वातीत तेल चढतं तशी. एका म्हाताऱ्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हवा काढायला एवढी मशीन? आमच्या गावात लाइट गेली की सगळ्यांची हवा आपोआप जाती." लाइटीसाठी जनरेटर घेतला, तो बघून मात्र त्यानं मान डोलावली.

टर्नर मिळाला नांदूरघाटकडचा. मेंढरं राखणाऱ्या घरातला, तीस-बत्तीसचा, खंडोबाचा भक्त, हात मात्र लेथवर असा की चाक त्याच्याशी बोलतं. त्याला मी पहिल्या दिवशी एकच नियम शिकवला. नळीला उघडा हात लावायचा नाही. हाताचा घाम, तेल, मळ, काही चालत नाही. मळ असला की धातू धातूला धरत नाही. पांढरे सुती हातमोजे घालायचे. त्यानं तो नियम देवाच्या नियमासारखा पाळला. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडतानाही कधीकधी हातमोजे काढायचे विसरायचा.

वर्षभर आम्ही नुसतं शिकलो. झाळ वाहून गेली, फट जास्त राहिली, नळी वाकली, सगळं झालं. शेवटी नळ्या उतरल्या. लांबट, चकचकीत, टोकाला जाड कडी झाळलेली, कडीचं तोंड लेथवर आरशासारखं केलेलं. बंगळूरच्या कारखान्यानं कळवलं, आमचा तपासनीस येईल, त्यानं पास केलं तर तुमच्या शेडला कायमची मान्यता, तुमचा शिक्का नळीवर. नापास झालं तर पुन्हा विचार करू. पुन्हा विचार म्हणजे काय ते मला माहीत होतं, मी त्या बाजूनं वीस वर्षं काढली होती. भट्टी बंद, टर्नर गावाकडं, आणि मी पुन्हा दुसऱ्याच्या जोडावर दिवा धरायला.

तपासनीस आला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. चष्मा, इस्त्रीचा सदरा, मोजकं बोलणं. चहा नको म्हणाला, काम दाखवा म्हणाला. मी त्याच्याकडं बघतच राहिलो, कारण तो अगदी माझ्यासारखाच होता. मी असाच जायचो दुसऱ्यांच्या शेडमध्ये.

आधी रंगाची तपासणी. ही तुम्हांला आवडली असती. नळी एका रंगीत तेलात बुडवतात. कुठं डोळ्याला न दिसणारी चीर असेल तर ते तेल तिच्यात शिरून बसतं. मग वरचं सगळं तेल धुऊन काढायचं, सुकवायचं, पांढरी भुकटी उडवायची, आणि अंधाऱ्या खोलीत जांभळा दिवा लावायचा. चीर असेल तर आतलं तेल भुकटीत वर येतं आणि काजव्यासारखं हिरवट पिवळं चमकतं. चीर नसेल तर काळोख. म्हणजे आमच्या धंद्यात काही न दिसणं यासारखं दुसरं सुख नाही.

टर्नरनं हातमोजे घालून धुतलेल्या नळ्या एकेक उचलून मांडल्या, भुकटी मारली. आम्ही तिघं खोलीत गेलो. मी पडदा ओढला. तपासनिसानं दिवा लावला.

पहिली नळी. जोडाभोवती पिवळा प्रकाश. अर्धवर्तुळ, कडीला चिकटून. दुसरी नळी. तसंच. तिसरी. चौथी. सगळ्या. एकाच जागी, जोडावर.

"सब में एक ही जगह," तपासनीस हळू आवाजात म्हणाला. "ये जॉइंट का दोष है. भट्टी का."

अण्णा, मी नळ्यांवर आणखी खाली वाकलो. काळोखात मला दुकान दिसलं, बाई दिसली, हंड्याचं बूड सुटलेलं दिसलं, आणि तुमचा हात. मिशीवर.

तेवढ्यात टर्नर जरा पुढं सरकला, बघायला. आणि तपासनीस "अरे!" म्हणून एकदम मागं झाला. काळोखात टर्नरचं कपाळ चमकत होतं. तोच हिरवट पिवळा प्रकाश, दोन भुवयांच्या मधे. त्यानं घाबरून हात वर केले तर हातमोज्यांची बोटंही चमकत होती.

"ये क्या है?"

"भंडारा हाय सायेब," टर्नर म्हणाला. "हळद."

मी विचारलं, "हळद नळीला कुठनं आली रे?"

"काल दसरा नव्हता का मालक? लेथला लावली, भट्टीला लावली, जनरेटरला लावली. मग नळ्यांनाच न्हाई लावायची? हवेत जाणारी वस्तू ती. तिलाच तर जास्त गरज. पण तुमचा नियम मोडला न्हाई. हातमोजे घालूनच लावली. सकाळी धुऊन पुसून बी काढली."

"आणि हातमोजे?"

त्यानं बोटं पुन्हा दिव्याखाली धरली. काळोखातून आवाज आला, "तेच हायत."

मला हसावं की रडावं कळेना. नियम पाळण्यासाठी हातमोजे घातले, त्याच हातमोज्यांनी हळद लावली, नळ्या धुतल्या पण हातमोजे नाही, आणि त्याच बोटांनी जोडाशी धरून आज मांडल्या. दुसऱ्या कुठल्या देशात ही चूक झाली नसती. तिथल्या माणसांनी नळीला हळद लावलीच नसती, आणि लावली असती तर उघड्या हातानं.

तपासनीस हसला, पण थोडंच. "आयुधपूजा हमारे यहाँ भी होती है. पूजा के ग्लव अलग रखते हैं." मग लगेच गंभीर झाला. "अभी साबित नहीं हुआ. हल्दी के नीचे क्रैक भी हो सकता है."

बरोबर होतं त्याचं. मीही तेच म्हणालो असतो. हळद सापडली म्हणजे जोड टिकला असं नाही. त्यानं कापसाचा बोळा औषधात भिजवून पहिल्या नळीचा जोड पुसला, पुन्हा भुकटी मारली आणि दिवा धरून थांबला. वरवरचं असेल तर पुसलं की गेलं. आत चीर असेल तर आतलं तेल पुन्हा वर येतं. थांबायचं असतं, घाई चालत नाही. टर्नर कपाळावर रुमाल दाबून उभा. माझ्या कपाळावर विभूती होती, ती त्या दिव्यात चमकत नाही. मी त्या जोडाकडं बघत होतो आणि तो काळोख तसाच होता. तसाच राहिला. कुठंही काजवा नाही.

"दूसरा," तपासनीस म्हणाला. दुसऱ्या नळीवरही काळोख. सगळ्या नळ्यांवर काळोख. इतका सुंदर काळोख मी आयुष्यात बघितला नव्हता.

पण त्यानं एवढ्यावर सोडलं नाही, आणि सोडलं असतं तर माझ्या मनातून उतरला असता. नवे हातमोजे घालायला लावले, सगळ्या नळ्या मुळापासून साफ करून पुन्हा पहिल्यापासून तेल, धुणं, भुकटी. टर्नर साबणानं तीनदा तोंड धुऊन आला, तरी दिव्याखाली त्याचं कपाळ अंधुक चमकत होतं. तपासनीस म्हणाला, "आप बाहर बैठिए, आपका माथा रिजेक्ट है." टर्नर बाहेर बाकावर जाऊन बसला आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत राहिला की माझं डोकं नापास झालंय.

पुन्हा काळोख. मग नळीची तोंडं बंद करून आत हवा भरली आणि पाण्याच्या टाकीत धरली. तुमची राख, तसं आमचं पाणी. गळत असेल तर बुडबुडा येतो. पाणी आरशासारखं स्थिर. तपासनीस वाकला, मी वाकलो, टाकीत दोघांचे चेहरे दिसत होते. बुडबुडा आला नाही.

मग त्यानं चष्मा पुसला आणि म्हणाला, "एक को फोड़ते हैं."

म्हणजे एका नळीत पंपानं पाणी भरत जायचं, दाब वाढवत जायचा, ती फुटेपर्यंत. कुठं फुटते ते बघायचं. हेच ते अण्णा. डोस्क्यावर घेतल्यावर कळतंय. शब्द त्याचे वेगळे होते, पण तुमचंच बोलणं होतं. नळी त्यानं स्वतः निवडली, मधूनच एक उचलली. जाड काचेच्या आडोशामागं बसवली. टर्नरला मी पंपावर बोलावलं, कारण त्याच्या कपाळाला आता हरकत नव्हती.

काटा चढायला लागला. कागदावर लिहिलेला दाबाचा आकडा मागं पडला. "चालू रखो." काटा पुढं. टर्नर ओठातल्या ओठात येळकोट येळकोट म्हणतोय. शेडमधला पंखा बंद आहे, रस्त्यावरचा ट्रकचा आवाजही ऐकू येत नाही. काटा अजून पुढं. नळी फुगतेय असं मला वाटतं, पण डोळ्यांवर विश्वास बसत नाही. जोडाकडं बघवत नाही आणि दुसरीकडं नजर जात नाही.

फट्!

काचेच्या वरनं पाण्याचा फवारा आला आणि आम्ही तिघंही नखशिखांत भिजलो. तपासनिसाचा इस्त्रीचा सदरा अंगाला चिकटला. चष्म्यावरनं पाणी गळतंय. मग त्यानं आडोसा बाजूला केला, नळी सोडवली आणि उजेडात धरली.

नळी मधोमध फाटली होती. चवळीची शेंग उकलावी तशी, लांब, सरळ. पोलाद फाटलं होतं अण्णा. आणि टोकाला माझा जोड, कडीसकट, जसाच्या तसा. त्यानं भिंगातून बघितला. नखानं खरवडला. माझ्या हातात दिला. धातू हरला होता, जोड नाही.

तपासनिसानं रुमालानं तोंड पुसलं. पहिल्यांदाच मोकळा हसला आणि म्हणाला, "आपने तो मुझे नहला दिया."

मी इतका हसलो की टर्नर घाबरला. त्याला वाटलं मालकाचं काहीतरी सुटलं. मी कुणाला काय सांगणार होतो? पाटोद्याच्या बाजारातली ओली बाई तिथं कुणालाच दिसत नव्हती, मला सोडून.

मान्यतेचं पत्र आलं. आमचा शिक्का झाला, तांदळाच्या दाण्याएवढा, तो आता प्रत्येक कडीवर उमटतो. पहिल्या नळ्या गेल्या. परवा शेडवरनं एक विमान गेलं, खूप वरनं, तर टर्नर डोळ्यांवर हात आडवा धरून बघत राहिला आणि म्हणाला, "त्यात आपली असंल का वो?" मी म्हणालो, त्यात नसेल, पण असेल कुठंतरी. तो म्हणाला, "असणारच. हळद लागलीय तिला." हळदीचे हातमोजे आता वेगळे आहेत. खिळ्याला टांगलेत, वर लिहिलंय: पूजेचे.

फाटलेली नळी घेऊन मी काल पाटोद्याला गेलो. दुकान आता भाचा चालवतो, स्टीलची भांडी आणि प्लॅस्टिकच्या बादल्या. तुमचा फोटो गल्ल्याच्या वर आहे, तिथंच. शेजारचा कापडवाला अजून आहे, कानानं कमी ऐकतो. त्याच्या हातात नळी दिली, जोड दाखवला, मोठ्यानं सगळं सांगितलं. त्यानं नळी उलटीपालटी केली, जोडावर अंगठा दाबला, दोन्ही हातांनी पिळून बघितला. मग फोटोकडं बोट केलं.

"मग? कर की वसूल. काढ अण्णाची मिशी."

भाच्यानं हसत हसत ओलं फडकं पुढं केलं. फोटोच्या काचेवर धूळ होती, मी ती पुसली. मिशी स्वच्छ दिसायला लागली. वळलेली टोकंसुद्धा. मी फडकं परत दिलं.

"काय झालं?" कापडवाला ओरडला.

"राहू दे," मी म्हणालो. "अण्णांना शोभते."

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तांब्याखाली ठेवतो, पूजेच्या जागी, दुसरी योग्य जागा मला सुचत नाही. पण एक गोष्ट तिथं देवापुढं बोलवत नाही, म्हणून इथं लिहितो. लहानपणापासून एक दिवस लिंगपूजा चुकवली नाही मी. पण त्या अंधाऱ्या खोलीत, पुसलेल्या जोडावर दिवा धरून थांबलो होतो तेव्हा, ओठांवर शिवाचं नाव आलंच नाही. मी आत म्हणत होतो, अण्णा, अण्णा, अण्णा. एवढं तिकडं कुणाला सांगू नका.